मधले दोन बॅक

"सर, ही सोंगटी म्हंजे मी, का त्यो?"

हिंदुराव इंगवलेनं काळ्या सोंगटीवर बोट ठेवलं होतं. संख्याशास्त्र विभागातल्या लांब टेबलावर मी खडूनं फुटबॉलचं मैदान आखलं होतं. जिमखान्यातून कॅरमच्या सोंगट्या मागवल्या होत्या. काळ्या आमच्या, पांढऱ्या समोरच्या संघाच्या, आणि राणी म्हणजे चेंडू.

"ती तू," मी म्हणालो. "तिच्या शेजारची मच्छिंद्र."

"मग चेंडू उजवीकडनं आला आणि मी पुढं गेलो, तर त्यानं कुठं जायाचं, सर?"

मच्छिंद्र निकम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसला होता. प्रश्न त्याला ऐकू गेला असणार, पण तो माझ्याकडेच पाहत राहिला. मी त्याची सोंगटी हिंदुरावच्या सोंगटीमागे सरकवली. मग त्यानं मला विचारलं, "आणि मी मागं गेल्यावर ह्यो परत कवा येनार, सर?"

एकमेकांशी न बोलता मुलं शिक्षकाला विचारतात, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. माझ्या तासाला मागच्या बाकांवर गप्पा चालत आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवत असे. इथं दोन धिप्पाड मुलं माझा शब्द न् शब्द ऐकत होती.

ही एक्क्याऐंशी सालची, कोल्हापूरची गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. मूळचा वेंगुर्ल्याचा, कॉलेजात नोकरी लागून सात वर्षं झाली होती, तरी गावात माझी ओळख म्हणावी अशी माणसं चार-पाचच. जन्मात मी फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. कॉलेजच्या संघाचं सगळं घाटगे सर बघत. एकदा त्यांनी मला स्पर्धेचं वेळापत्रक आखून द्यायला सांगितलं, म्हणून मी मैदानावर गेलो आणि पायरीवर वही घेऊन बसलो. मग रोज संध्याकाळी जाऊ लागलो. कुणी "का आलात" म्हणून विचारत नसे, मला तेवढं पुरे होतं.

वहीत मी गोल कुठून होतात ते लिहीत होतो. त्या वर्षी आमच्यावर अकरा गोल झाले. त्यांतले आठ मधल्या दोन बॅकच्या मधून झाले होते. हिंदुराव डावीकडचा, मच्छिंद्र उजवीकडचा; दोघंही गावात नावाजलेले. आपापल्या बाजूला ते कुणाला हलू देत नसत. पण दोघांच्या मधोमध आलेल्या चेंडूला जणू वालीच नव्हता. मी घाटगे सरांना वही दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "खानोलकर, हे आम्हाला वीस वर्षांत दिसलं नाही बघा. आता यावर औषध पण तुम्हीच काढा."

ग्रंथालयात रद्दीत काढायच्या पुस्तकांत फुटबॉलवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते मी दोनदा वाचलं. त्यावरून एक रचना तयार केली. मधल्या दोघांनी आपापली बाजू धरून बसायचं नाही. एकानं चेंडूवर जायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागची जागा भरायची. कोण जाणार आणि कोण भरणार हे ठरवायला हाका. 'एक' म्हणजे मी जातो, तू मागे. 'दोन' म्हणजे तू जा, मी आहे. 'तीन' म्हणजे दोघंही एकदम पुढे. चेंडू कुठल्या बाजूला, किती लांब, यावरून आणखी सहा. अशा नऊ हाका.

घाटगे सर हसले. "नऊ? आमच्या पोरांना दोनाचा पाढा धड येत नाही."

मी पाच केल्या. सरावात तरी दोघं अडखळायचे. चेंडू मधे पडला की अर्धा क्षण दोघंही थांबायचे आणि तेवढ्यात समोरचा फॉरवर्ड निघून जायचा. गोलकीपर इलाही अत्तार आमचा कप्तान. तो एकदा पायरीशी येऊन हळूच म्हणाला, "सर, वाईट वाटून घिऊ नका, पन हे जरा जास्तच अवघड होतंय. दोघास्नी डोकं घालाय लागतंय. खेळताना डोकं घातलं की पाय थांबतोय."

मी तीन केल्या. तरी तेच. मग मी दोघांना वेगवेगळं बोलावून तपासलं. सोंगट्या मांडल्या, राणी कुठंही ठेवली, की हिंदुराव पटकन हाक सांगायचा. मच्छिंद्र तर मी राणी ठेवायच्या आधी सांगायचा. एकेकट्याला सगळं येत होतं. दोघांना एकत्र उभं केलं की जमत नव्हतं. मी संख्याशास्त्राचा माणूस, या फरकाचा अर्थ शोधायला हवा होता. मी काय केलं? दोघांना तिन्ही हाका दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगितल्या. मच्छिंद्रनं वळणदार अक्षरात लिहून आणल्या. आज ते आठवलं की मी हातातलं पुस्तक मिटून ठेवतो.

मग स्पर्धा सुरू झाली. पहिले दोन सामने सांगलीला झाले. माझ्या आयुष्यातले ते दोन दिवस फार सुखाचे होते. मैदानाबाहेर शंभरेक माणसं होती, सगळी सांगलीची. चेंडू मधे आला की हिंदुरावची हाक यायची, 'एक'. मच्छिंद्र त्याच्या मागे सरकायचा. पुढच्या वेळी मच्छिंद्रची हाक, आणि हिंदुराव मागे. दाराची दोन कवाडं एकमेकांवर मिटावीत तसे ते मिटत होते. दोन सामन्यांत आमच्यावर एकही गोल झाला नाही. परतीच्या एसटीत घाटगे सरांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी शिपाई बापू मला "काय फुटबॉलवाले सर" म्हणाला. सात वर्षांत त्यानं मला काहीच म्हटलं नव्हतं.

एसटीत हिंदुराव पहिल्या बाकावर बसला होता आणि मच्छिंद्र शेवटच्या. हेही मी पाहिलं होतं. बस कोल्हापुरात शिरायच्या आधी मी मागे वळलो, तेव्हा दोघं मधल्या एका बाकाशी उभे राहून एकाच पिशवीतल्या शेंगा खात होते. पंचगंगेचा पूल आला तसा हिंदुराव पुढे येऊन बसला. मी समजलो, उतरायची घाई.

अंतिम सामना कोल्हापुरात होता, शनिवारी. विद्यापीठाचा संघ निवडणारी माणसं तो बघायला येणार होती. गुरुवारी दुपारी मच्छिंद्र विभागात आला. मी एकटाच होतो. तो दारात उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

त्याचं थोडं सांगायला हवं. वडील लहानपणीच गेलेले. तो आणि त्याची आई मामाकडे राहत. मामा म्हणजे त्यांच्या पेठेतल्या तालमीचा कर्ताधर्ता माणूस. कोल्हापुरात तालमीला नुसती कुस्ती नसते, तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि तो पेठेच्या इभ्रतीचा विषय असतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की एका साखर कारखान्याच्या संघात नोकरी मिळणार, असं मच्छिंद्रला कुणीतरी सांगितलं होतं. "नोकरीबरोबर खोली देत्यात, सर," तो मला सांगलीला म्हणाला होता. "दोन खनांची. आईला घिऊन जातो. मामाच्या घरात ती आजून पाटावर बसून जेवली न्हाई, चुलीम्होरंच जेवती."

दारात उभं राहून तो म्हणाला, "सर, शनिवारी पयल्यासारखं खेळू काय? त्याची बाजू त्येनं बघायची, माझी मी."

"का?" मी विचारलं.



मी वही काढली. अकरातले आठ गोल पुन्हा दाखवले. सांगलीला एकही नाही, हेही दाखवलं. "तुला येत नाही असं नाहीये," मी म्हणालो. "तुला माझ्यापेक्षा चांगलं येतंय."

"येतंय, सर. त्यात काय न्हाई. पन हाक…"

"हाक मोठ्यानं मार. एवढंच कर."

तो काही बोलणार होता. ओठ हलले होते, हे मला स्पष्ट आठवतं. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मी खडू-डस्टर गोळा करू लागलो. "असू दे, सर," तो म्हणाला आणि गेला. मी त्याला थांबवलं नाही. मुलांशी दोन वाक्यांपलीकडे बोलायचं झालं की मला घाम फुटत असे. घंटा झाली याचं मला हायसं वाटलं, हे खरं आहे.

शनिवारी सकाळी घाटगे सर माझ्या खोलीवर आले. इतकी वर्षं कुणी माझ्या खोलीवर आलं नव्हतं. त्यांना बसायला देण्यासाठी मला खुर्चीवरची पुस्तकं उचलावी लागली. ते म्हणाले, अत्तारचं म्हणणं आहे की हाका-बिका बंद करून जुन्या पद्धतीनं उतरावं. मैदानावर गर्दी असणार, पोरं घाबरतील. "तुमची रचना आहे. तुम्ही सांगाल तसं करतो."

त्या क्षणी मला मनातून वाटत होतं की अत्तारचं बरोबर आहे. माझं सगळं पुस्तकी आहे, मुलांना ते पेलवणारं नाही. मला स्वतःविषयी नेहमी असंच वाटत आलं आहे. पण ते म्हणालो असतो तर सोमवारपासून मी पुन्हा पायरीवरचा, वही घेऊन बसलेला माणूस झालो असतो.

"ठेवू या," मी म्हणालो.

स्टेडियम भरलं होतं. कॉलेजच्या सामन्याला एवढी गर्दी होत नसते, पण आपापल्या पेठेतला पोरगा खेळतोय म्हणून दोन पेठा आल्या होत्या. एक पश्चिमेच्या पायऱ्यांवर, एक पूर्वेच्या. मच्छिंद्रचा मामा पूर्वेला अगदी खाली, फेटा बांधून बसला होता. मला तो घाटगे सरांनी दाखवला.

पहिल्या अर्ध्यात आमचा एक गोल झाला. समोरचा संघ साताऱ्याकडचा होता. त्यांनी मधून फारसं काही केलं नाही. दुसरा अर्धा सुरू झाल्यावर त्यांना ती फट दिसली असावी. एक उंच चेंडू मधोमध आला. मच्छिंद्रनं वर पाहिलं, धाव घेतली आणि मोठ्यानं हाक मारली. मी सांगितली होती तशी. पण नुसती 'एक' नाही. तो म्हणाला, "हिंद्या, एक!"

हिंदुराव मागे सरकला. मच्छिंद्रनं डोक्यानं चेंडू पार मधल्या रेषेपलीकडे घालवला. रचना बरोबर चालली होती. मी वहीत खूण केली.

पश्चिमेच्या पायऱ्यांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "आला रे आला, शरण आला!" हशा पिकला.  मी पूर्वेकडे पाहिलं तेव्हा मच्छिंद्रचा मामा उठून उभा होता. त्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं, मैदानाकडे पाठ केली आणि पायऱ्या चढून निघाला. त्याच्यामागं आणखी वीस-पंचवीस जण उठले. मच्छिंद्र कमरेवर हात ठेवून ते बघत होता. चेंडू दुसरीकडे होता, तरी तो तिकडेच बघत होता.

मला वाटलं, लोकांना जायची घाई असेल.

दहा मिनिटांनी तसाच चेंडू पुन्हा आला. दोघांच्या मध्ये, दोन पुरुष उंच. हाक हिंदुरावची होती. चेंडू त्याच्याकडे जरा जास्त होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मच्छिंद्रनंही उघडलं. स्टेडियम गप्प होतं, दोन्ही बाजूंनी ऐकत होतं. मग दोघंही एकदम धावले. दोघांचीही नजर वर होती.

आवाज पायरीपर्यंत आला. मच्छिंद्र खाली पडला, त्याचा उजवा पाय अंगाखाली वेडावाकडा गेला. चेंडू त्याच्या पाठीवरून घरंगळला आणि त्यांच्या फॉरवर्डनं तो सावकाश गोलात घातला. त्याला घाई करायची गरजच नव्हती. हिंदुराव गुडघ्यांवर बसला होता, मच्छिंद्रपासून हातभर अंतरावर. त्यानं हात पुढे केला नाही. अत्तार गोलातून पळत आला, त्यानं मच्छिंद्रचं डोकं मांडीवर घेतलं.

शेवटी त्यांनी आणखी एक गोल केला आणि आम्ही दोन-एकनं हरलो. सोमवारी जिमखान्याची बैठक झाली. रचना फार गुंतागुंतीची होती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. प्राचार्य सौम्यपणे म्हणाले, खानोलकरांचा हेतू चांगला होता. हिंदुरावला बोलावून विचारलं, तर तो भिंतीकडे बघून म्हणाला, "डोस्क्यात बसलं न्हाई, सर." अत्तारनंही मान हलवली. मीही हलवली. मला ते पटलंच होतं. मी वही घाटगे सरांना दिली आणि त्यानंतर मैदानावर गेलो नाही.

मच्छिंद्रच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. गुरुवारी मी सरकारी दवाखान्यात गेलो. जिन्याच्या तळाशी हिंदुराव उभा होता. त्याच्या हातात दोरीनं बांधलेली चार शहाळी होती. मला बघून तो दचकला, मग शहाळी माझ्या हातात दिली.

"एवढी त्याला द्या, सर. माझं नाव नका सांगू."

"तूच चल की वर."

"त्याचा मामा असतोय."

"असेना का."

तो जिन्याच्या कठड्यावरचे रंगाचे सुटलेले पापुद्रे नखानं खरवडत राहिला. मग त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी दोन तालमींच्या सामन्यात मारामारी झाली होती. मच्छिंद्रच्या मामानं हिंदुरावच्या थोरल्या भावाच्या डोक्यात खुर्ची घातली. भावाचा एक कान तेव्हापासून गेला. त्या दिवसापासून दोन्ही पेठांत बोलणं बंद, पोरांनी सुद्धा. त्याआधी हे दोघं पाचवीपासून एका बाकावर बसायचे.

"कॉलेजच्या टीममध्ये मग कसं खेळत होता?"

"आपली बाजू आपन बघायची. बोलाय लागत नव्हतं की."

मला ते आठ गोल आठवले. वीस वर्षं मैदानावर असलेल्या घाटगे सरांना ती फट दिसली नव्हती असं मी समजलो होतो. त्यांना ती दिसत होती, अत्तारला दिसत होती, बापू शिपायाला सुद्धा दिसत असणार. ती कशाची आहे हेही त्यांना ठाऊक होतं. माझी रचना ती बुजवील असं कदाचित त्यांना खरंच वाटलं असेल. बाहेरगावचा, कुठल्याच पेठेचा नसलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर.

"पण सांगलीला तर तुम्ही हाका मारल्या," मी म्हणालो.

"तितं ऐकाय कोन होतं, सर?"

"मग तीन हाका अवघड नव्हत्या."

"नऊ बी नव्हत्या." त्यानं कठड्यावरून हात काढला. "त्यानं पयली हाक मारली, सर. मामासमोर. नाव घिऊन मारली. दुसरी माझी होती."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता. तो सरळ सांगत होता.

मी शहाळी घेऊन वर गेलो. मामा नव्हता. मच्छिंद्रची आई भिंतीशी जमिनीवर बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि स्टूल पुढे सरकवलं. मच्छिंद्रचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यानं सांगितलं: चालता येईल, खेळता येणार नाही. कारखान्याचं नाव त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही.

मी शहाळी स्टुलावर ठेवली. त्यानं दोरीच्या गाठीकडे पाहिलं. गाठ त्यानं ओळखली असावी, किंवा नसेल. पण तो उशीवरून जरा उठला.

"खाली कोन हाय काय, सर?"

त्याची आईही माझ्याकडे बघू लागली.

मी खिडकीशी गेलो. हिंदुराव जिन्यापासून निघून आवारातून फाटकाकडे चालला होता. दोन मजले खाली, पन्नासएक पावलांवर. हळू चालत होता, मधूनच थांबत होता. एक हाक पुरली असती. वॉर्डात पंचवीस-तीस रोगी होते, त्यांचे नातेवाईक होते, एक परिचारिका औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. इतक्या लोकांत मोठ्यानं ओरडायचं या विचारानं माझ्या कानशिलापर्यंत रक्त आलं. मी तोंड उघडलं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

हिंदुराव त्या वर्षी विद्यापीठाकडून खेळला, पुढे कारखान्यात लागला. मच्छिंद्र दूध संघात काट्यावर बसायचा. मला रस्त्यात दिसला तर सायकलवरून उतरून नमस्कार करायचा. उतरताना उजवा पाय आधी टेकता येत नसे, म्हणून जरा वेळ लागे. गेल्या मार्गशीर्षात तो भेटला तेव्हा म्हणाला, हिंदुराव गेला, सर. मी कधी, कशानं, विचारलं. तुम्ही दोघं पुढे कधी बोललात का, एवढं विचारायचं होतं. तो सायकलचं हँडल धरून थांबलाही होता. मी म्हणालो, चांगला मुलगा होता.

त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीतून मी बघत असताना हिंदुराव फाटकापर्यंत पोचला आणि वळून त्यानं वर पाहिलं. मग तो बाहेर पडला.

"कुणी नाही," मी मच्छिंद्रला सांगितलं.